खाणं नीट, टेकडी रोज, काटा तिथंच. मग लबाड कोण?

सहकारनगर_पूर्व (धागाकर्ती)

"वजन उतरत नाही हो," असं चारचौघांत म्हणून बघा. समोरचा आधी तुमच्या ताटाकडे बघतो. गोड सोडलं का, रात्रीचा भात बंद केला का, चालायला जाता का? सगळ्याला हो म्हटलं की चेहऱ्यावर एक बारीकसं हसू येतं. म्हणजे चोरून खात असणार.

मी ४६ वर्षांची. सकाळी तळजाईवर तासभर चालते, आठवड्यातून तीनदा जिममध्ये वजनं उचलते. जेवणात भाकरी, उसळ, कोशिंबीर, ताक. बेकरी बंद, बाहेरचं खाणं क्वचित. काटा गेले कित्येक महिने किलोभर वर, किलोभर खाली, एवढाच हलतो. पण कंबर ९१ सेंटिमीटरवरून ८६ वर आली आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ वरून ५.७. जिने चढताना धाप लागत नाही.

माझं मत सरळ आहे. एवढं करूनही काटा हलत नसेल तर दोष माणसाचा नाही, काट्याला देव मानणाऱ्यांचा आहे. हे आपल्याच गावात सिद्ध झालंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काटा दोघांबद्दल एकच गोष्ट सांगत होता आणि आत दोन वेगळी शरीरं होती.

तर मंडळी, मारा दगड.

हिशेबनीस

ताई, राग मानू नका, पण याज्ञिक-युडकिन फोटोचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही. सारख्या वजनात आपल्या अंगावर चरबी जास्त का, हे त्यातून कळतं. वजन उतरत का नाही, हे कळत नाही. त्यातून उलटाच अर्थ निघतो. आपल्याला वजनाची सूट कमी आहे. म्हणून तर भारतीयांसाठी जादा वजनाची बीएमआयची रेषा २५ वरून २३ वर आणली.

आता दगड. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये दहा लोक तपासले होते. सगळ्यांची तक्रार हीच: आम्ही दिवसाला १२०० कॅलरींच्या आत खातो, तरी वजन ढिम्म. मोजमाप झालं. त्यांच्या शरीराचा खर्च अगदी नेहमीसारखा निघाला. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखर तसं वाटत होतं.

तुमच्या घरचा हिशेब करा. महिन्याला तेल किती लागतं? तीन माणसांत चार लिटर धरलं तर माणशी दिवसाला ४४ मिली, म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी नुसत्या फोडणीतून. ती कुणाच्या डायरीत नसते. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट नसतं. आणि भाकरीला 'हलकी' म्हणतात त्यांना विचारा, १०० ग्रॅम ज्वारीत आणि १०० ग्रॅम गव्हात कॅलरींचा फरक किती? जवळपास शून्य.

खमंग_काकडी

हिशेबनीस, एक साधा प्रश्न. तुमच्या घरी फोडणीत तेल कोण ओततं?

साडेसातला ऑफिसातून येऊन चार जणांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं स्वतःपुरती चमचा मोजून वेगळी भाजी करायची. मग नवरा म्हणणार, "तुझं ते डाएटचं मला वाढू नकोस." सासूबाई म्हणणार, "एवढ्याशा तेलात मोहरी तरी तडतडते का?" पातेल्यात उरलेलं टाकवत नाही, तेही तिच्याच पोटात. तुमची आकडेमोड चुकत नाही. ती चालते मोकळ्या स्वयंपाकघरात, जिथं दुसरं कोणी जेवत नाही.

हिशेबनीस

काकडीताई, ओततो मीच. बायको रोज हिंजवडीला जाते, मी घरून काम करतो. तेल मोजून ओतल्यानं सासरे नाराज आहेत, हे मान्य. पण शरीराला तुमच्या सासूबाई माहीत नसतात.

टेकडीवाला

काकडी म्हणतात ते पटलं तरी मला हिशेबनिसांचीच बाजू बरोबर वाटते, अर्थात वेगळ्या कारणानं. पुण्यात व्यायामाबद्दल भलता गैरसमज आहे. वेताळ टेकडीवर रोज दिसणारी निम्मी मंडळी वर्षानुवर्षं त्याच पोटानिशी भेटतात. (मीही त्यातलाच.) साठ-पासष्ट किलोच्या माणसानं सपाटीवर तासभर चाललं तर दोनशे कॅलरी जळतात. मूठभर शेंगदाणे खाल्ले, झाली फिट्टंफाट.

सिंहगडाचं घ्या. आतकरवाडीतून पुणे दरवाजा, साधारण सहाशे मीटर चढ, घाम निघतो. चार-पाचशे कॅलरी गेल्या असतील. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, वर मडक्यातलं दही. खाली येणारा माणूस गेल्यापेक्षा श्रीमंत होऊन येतो.

शरीरही चलाख आहे. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात, आपल्या कितीतरी पट चालतात. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर या संशोधकानं मोजलं तर अंगलटीचा हिशेब धरून त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरी अमेरिकनांएवढाच निघाला. इकडे जास्त चाललं की शरीर दुसरीकडे काटकसर करतं, असं पाँट्झर यांचं म्हणणं. व्यायाम करावाच, पण वजनासाठी नव्हे.

दोनदाच

एवढी चर्चा, आणि डॉ. दीक्षितांचं नाव कुणी घेतलं नाही? दिवसातून फक्त दोनदा, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांत जेवण संपवायचं. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. कॅलरी मोजायच्या नाहीत, तेल मोजायचं नाही. डॉ. जिचकारांनी मांडलेलं सूत्र आहे. दर वेळी तोंड हललं की इन्सुलिन सुटतं आणि इन्सुलिन आहे तोवर चरबी निघत नाही. माझे नऊ किलो गेले. ताई, तुम्ही सकाळचं ताक आणि संध्याकाळचा चहा सोडून बघा.

खमंग_काकडी

आलेच!

हिशेबनीस

दोनदाच साहेब, अभिनंदन. पण दोनदा जेवलं की बहुतेकांचं एकूण खाणं कमी होतं. चहाबरोबरची खारी जाते, चारचा चिवडा जातो. नऊ किलोंसाठी इन्सुलिनची गोष्ट लागत नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी खा म्हणतात, त्यांच्याही लोकांचं वजन उतरतं. दोन्हींत अरबट-चरबट सुटतं, हेच साम्य.

पर्वती_पायथा

आमच्या वेळी जिम नव्हत्या. सायकल होती. पुणं सायकलींचं शहर होतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढायचो. घरात साजूक तूप. कुणाचं वजन वाढल्याचं आठवत नाही.

खमंग_काकडी

काका, तुमच्या वेळी घरी पाणी कोण भरत होतं, ते नाही आठवत?

ओपीडी_नंतर

मी फिजिशियन आहे, धनकवडीत बसतो. थोडं लांबलचक लिहितो.

काही गोष्टी आधी तपासून बाजूला ठेवायला हव्यात. थायरॉइडवर सगळे भार टाकतात, पण त्यानं वाढणारं वजन सहसा दोन-चार किलोच असतं आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा. गोळी सुरू होऊन टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) ताळ्यावर आल्यावरही वजन हलत नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं. औषधांकडे मात्र कुणी बघत नाही. स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, मनोविकारांवरची काही औषधं वजन वाढवतात. स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. पीसीओएस (बायकांमधला हार्मोनचा बिघाड), मेनोपॉजचा काळ, मोठ्यानं घोरणं आणि दिवसभर झोप येणं यांचाही विचार हवा. आणि काटा सलग दोन दिवस एकच आकडा दाखवत नाही, खारट जेवण किंवा पाळीच्या आधीचं पाणी एवढ्यानंही किलोभर फरक पडतो.

आता मूळ वादाबद्दल. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक घेऊन तीन वर्षं पाहणी केली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी खाणं सुधारलं आणि चालणं वाढवलं त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. गंमत अशी की वजनात म्हणण्यासारखी घट नव्हती. धागाकर्तींची साखर उतरली आणि काटा थांबला, यात मला काही नवल वाटत नाही. बायकांसाठी कमरेची रेषा ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०. मी पेशंटला काट्याआधी टेपवर उभं करतो, म्हणजे टेप लावतो!

सहकारनगर_पूर्व

डॉक्टर, आभार. टीएसएच नॉर्मल आहे आणि कुठलंही औषध चालू नाही.

हिशेबनीस, एक सांगा. तुमच्या म्हणण्यानुसार बेरीज-वजाबाकी अचूक. मग वजन उतरवल्यावर शरीराचा खर्चच कमी होतो, तो कोण धरणार? अमेरिकेतल्या वजन उतरवायच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं (केविन हॉल, २०१६), तर त्यांचं शरीर नुसतं बसून जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा रोज पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं बरंचसं वजन परतलंही होतं. वजाबाकी करायला बसलं की मूळ रकमेतला आकडाच कोणीतरी खोडतं. आणि याला तुम्ही शिस्तीचा अभाव म्हणता.

हिशेबनीस

अभाव म्हटलं नाही. मोजणी म्हटलं. आणि ती स्पर्धा टोकाची होती, तासन्‌तास व्यायाम आणि उपासमार. तुमचं वजन उतरलेलंच नाही, मग तो नियम तुम्हाला लागू कसा होईल?

स्नायूंचंही सांगतो, कारण जिमवाले हेच विकतात. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला साधारण १३ कॅलरी जाळतो. दोन किलो कमावले तरी सव्वीस. एका चहातली साखरही त्यात भागत नाही.

ओपीडी_नंतर

आकडा बरोबर, निष्कर्ष अपुरा. जेवणानंतरची साखर शोषून घेणारं मोठं कोठार म्हणजे स्नायूच. मुळात आपल्याकडे ते कमी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बाळं मोजली, सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडच्या बाळांपुढे हातपाय काटकुळे, चरबी मात्र फारशी कमी नाही. चाळिशीनंतर बाईनं वजनं उचलणं किती कॅलरी जाळतं यावर तोलायचं नसतं.

टेकडीवाला

डॉक्टर, ती वजन उतरवायची नवी इंजेक्शनं? आमच्या सोसायटीत तिघं घेतायत. गेटवरच्या गप्पांत आता दुसरा विषय नाही.

ओपीडी_नंतर

तिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. काम करतात. भूक मंदावते, पोट लवकर भरतं, डोक्यातला खाण्याचा विचार कमी होतो. चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि वजनं उचलणं सोडू नये. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. जिममधल्या ट्रेनरकडून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका, एवढंच कळकळीनं सांगतो.

हिशेबनीस

संपला वाद! इंजेक्शन शरीरात जादू करत नाही, माणूस कमी खातो आणि वजन उतरतं. म्हणजे शेवटी प्रश्न खाण्याचाच होता की नाही?

सहकारनगर_पूर्व

तेच औषध माझ्याही बाजूनं साक्ष देतं, बघा. आठवड्याला एक टोचलं आणि ज्याला वीस वर्षं 'ताबा ठेव' म्हणत होते त्याची भूक आपोआप आवरली. इच्छाशक्ती टोचून मिळते का? मिळाली ती हार्मोनची मदत. म्हणजे दोन माणसं सारख्याच निष्ठेनं जेवतात तेव्हा एकाला पोट भरल्याचा निरोप वेळेवर मिळतो आणि दुसऱ्याला उशिरा. तुम्ही पहिले असाल, हिशेबनीस. त्यात तुमचं कर्तृत्व किती?

दोनदाच

म्हणूनच म्हणतो, दोनदा.

हिशेबनीस

कर्तृत्व शून्य, मान्य करायला हरकत नाही. भूक कुणाची किती, हे कुणाच्या हातात नसतं. पण तेलाची बरणी हातात असते. आणि काटा नको म्हणालात, ठीक, टेप धरू. डॉक्टरांनी ८० सांगितलं, तुमची कंबर ८६. उरलेले सहा सेंटिमीटर तळजाई देणार नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं मी म्हणत नाही, पण मनात आलं.

सहकारनगर_पूर्व

मनातलं लिहिलंत, म्हणजे म्हणालातच की!

सहा जातील किंवा चारच जातील. साखर ५.७ च्या खाली येतेय का, हे मला त्याहून महत्त्वाचं आहे. तेल मोजू, पण मी एकटी नाही. उद्यापासून बरणीवर खूण होणार आणि ती घरातल्या सगळ्यांसाठी. नवऱ्याचं पोट ९८ आहे आणि त्याला आजवर कुणीही ताटाकडे बघून हसलेलं नाही.

खमंग_काकडी

याच्याशी शंभर टक्के सहमत. हळदीकुंकवाला येताना टेप घेऊन येते.

पर्वती_पायथा

तेल घाण्याचं वापरावं. लाकडी घाण्याचं. रिफाइंडनंच सगळा घोळ केलाय.

हिशेबनीस

काका, घाण्याच्या तेलातही ग्रॅमला नऊच कॅलरी.