मदत हवी आहे: कार्यालयाच्या ईपीएबीएक्सला की-फोन, कॉर्डलेस आणि फायबरची लाइन जोडताना येणाऱ्या अडचणी

नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका लहान पतसंस्थेच्या कार्यालयाची व्यवस्था मी पाहतो. आमच्याकडे ३ ट्रंक लाइन (बाहेरून येणाऱ्या फोन लाइन) आणि ८ एक्स्टेंशन (कार्यालयातले फोन) घेणारा ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना व बाहेरच्या लाइनला जोडणारा संच, आहे. तो ज्यांनी बसवला त्यांनी आता हे काम सोडले आहे, त्यामुळे तीन अडचणींवर इथल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिली अडचण की-फोनची. व्यवस्थापकांची केबिन गेल्या महिन्यात मागच्या खोलीत हलवली आणि त्यांचा की-फोनही (डिस्प्ले आणि ट्रंकचे दिवे असलेला ईपीएबीएक्सचा खास फोन) तिकडे नेला. तिथे पूर्वी साधा फोन होता व तो उत्तम चालत असे. की-फोन लावल्यावर मात्र डिस्प्ले कोरा राहतो आणि ट्रंकचे दिवे लागत नाहीत. भिंतीवरचा रोझेट (फोनची वायर जोडण्याची डबी) मी उघडून पाहिला. आत दोन जोड्यांची केबल आली आहे. पांढरी-निळी जोडी स्क्रूखाली आवळलेली आहे, तर पांढरी-नारिंगी जोडी गुंडाळून मागे सारलेली होती. तीही जुन्या जागेप्रमाणे बाहेरच्या दोन स्क्रूंना जोडली आणि ईपीएबीएक्सच्या बाजूलाही तपासली, तरी फरक पडला नाही. तोच फोन जुन्या टेबलावर नेला की व्यवस्थित चालतो.

दुसरी अडचण अधिक त्रासाची आहे. आमची तांब्याची लाइन बंद होऊन त्याच क्रमांकाची जोडणी फायबरवर आली, आणि मोडेमच्या फोन पोर्टमधून निघालेली तार आता ट्रंक १ ला जोडली आहे. फोन येतात, जातात, आवाजही स्वच्छ आहे. परंतु बाहेरून आलेला फोन आम्ही उचलण्याआधीच समोरच्याने ठेवला किंवा तो ईपीएबीएक्सच्या आपोआप वाजणाऱ्या स्वागत-संदेशावर असताना कापला गेला, तर ट्रंक १ चा दिवा तसाच जळत राहतो आणि लाइन अडकून पडते. आमचे बरेचसे ठेवीदार वयस्कर आहेत, ते मुदत ठेवीची चौकशी फोनवरच करतात, आणि सकाळभर क्रमांक एंगेज लागल्यामुळे दोन आजोबा उन्हातून चालत कार्यालयात आले, याचे मला फार वाईट वाटले.

तिसरी अडचण कॉर्डलेसची. तो एक्स्टेंशन ५ वर साध्या फोनसारखा जोडला आहे. फोन दुसऱ्या टेबलावर देण्यासाठी फ्लॅशचे बटण (लाइन क्षणभर तोडून ईपीएबीएक्सला खूण करणारे) दाबले की संभाषणच तुटते. त्याच एक्स्टेंशनवर साधा फोन लावून हुक (रिसीव्हर ठेवण्याचा खटका) हलकेच दाबला तर फोन व्यवस्थित पुढे जातो.

नवी केबल टाकायची झाल्यास भिंत फोडावी लागेल, म्हणून त्याआधी विचारत आहे.

प्रतिसाद १

भिंत फोडण्याची घाई करू नका, साहेब. अशा की-फोनला दोन जोड्या लागतात, एकीवर बोलणे आणि दुसरीवर डेटा. साध्या फोनला एकच पुरते. तुम्ही दोन्ही जोड्या जोडल्याच आहेत, तेव्हा आता रोझेटपासून फोनपर्यंतच्या वायरकडे पाहा. तिच्या पारदर्शक प्लगमध्ये तांब्याच्या पट्ट्या किती आहेत ते मोजा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या वायरीत दोनच असतात, तुम्हाला चार हव्यात.

कॉर्डलेसच्या मेनूत फ्लॅशचा वेळ बदलता येतो. तो बहुधा ६०० मिलिसेकंदांवर असेल आणि तुमचा ईपीएबीएक्स एवढ्या वेळाला फोन ठेवला असे समजत असेल. वेळ कमी करत जा. फार कमी केला तर बटण दाबूनही काहीच होणार नाही, यावरून मर्यादा कळेल.

ट्रंकसाठी आधी एक चाचणी करा. मोडेमला थेट साधा फोन लावा, मोबाइलवरून त्यावर फोन करा, तो उचला आणि मग मोबाइल बंद करा. साध्या फोनवर काय ऐकू येते ते लिहा.

धागाकर्ता

मनापासून आभार. केबिनमधले टेबल भिंतीपासून लांब असल्याने मी बाजारातून लांब वायर आणली होती आणि तिच्यात खरोखरच दोनच पट्ट्या निघाल्या. चार पट्ट्यांची वायर लावताच डिस्प्ले उजळला. कॉर्डलेसचा फ्लॅश ३०० वर आणला आणि फोन पुढे जाऊ लागला. चाचणीत मोबाइल बंद केल्यावर काही सेकंद शांतता होती आणि नंतर एंगेजचा टोन सुरू झाला.

प्रतिसाद १

म्हणजे मोडेम टोन देतो आहे, पण ईपीएबीएक्स तो ओळखत नाही. ट्रंक १ च्या प्रोग्रॅमिंगमध्ये एंगेज टोनवरून लाइन सोडण्याची सोय चालू करा. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू व पाऊण सेकंद बंद असा असतो. तशीच मूल्ये द्या. तरीही अडकली, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे त्या पोर्टवर फोन संपताच पोलॅरिटी (लाइनच्या दोन तारांची धन-ऋण बाजू) उलटवण्याची सोय मागा, आणि तुमचा ईपीएबीएक्स ती ओळखतो का हेही पाहा.

आणखी एक गोष्ट. तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून मिळत असे, म्हणून वीज गेली तरी साधा फोन चालायचा. फायबरचा मोडेम बंद पडला की लाइनही बंद पडते. ईपीएबीएक्स यूपीएसवर असेल तर मोडेमही त्याच यूपीएसवर घ्या.

धागाकर्ता

टोनची मूल्ये भरली. आज दुपारपासून चार वेळा मोबाइलवरून फोन करून मध्येच कापून पाहिला, चारही वेळा दिवा आपोआप विझला. मोडेमही यूपीएसवर घेतला आहे. उद्या त्या दोन्ही आजोबांना मी स्वतः फोन करणार आहे.