आईच्या तळव्यातील गाठ : सोनोग्राफी पुरेशी आहे का?

प्रश्न : सावईवेऱ्याची वाचक

नमस्कार. माझी आई 61 वर्षांची आहे. गेल्या चतुर्थीच्या सुमारास तिच्या उजव्या तळव्याच्या कमानीत, आतल्या कडेला, एक टणक गाठ हाताला लागली आणि आता ती सुपारीएवढी झाली आहे. आयुष्यभर कुळागरात अनवाणी वावरलेल्या आईला हल्ली तुळशीपुढच्या पायरीवर पाऊल टेकवतानाही कळ येते. एका दवाखान्यात पायाला हातही न लावता कुरुपाच्या पट्ट्या दिल्या. त्यांनी कातडी सोलली, गाठ मात्र होती तशीच राहिली. आता दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली आहे. पण सोनोग्राफी पोटाची असते, पायाला थेट एमआरआय करावा, असे काकांचे म्हणणे आहे. कर्करोगाच्या भीतीने आईची झोप उडाली आहे. सोनोग्राफीतून नेमके काय कळते, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर : क्ष-किरणतज्ज्ञ, म्हापसा

ताई, आधी सोनोग्राफीच करून घ्या. पायाच्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि त्या कातडीपासून फार खोल नसल्यामुळे उच्च वारंवारतेच्या, म्हणजे साधारण 10 ते 18 मेगाहर्ट्झच्या, प्रोबने (कातडीवर टेकवून फिरवायच्या उपकरणाने) फार स्पष्ट दिसतात. पोटासाठी आम्ही याहून बरीच कमी वारंवारता वापरतो.

गाठ पाण्याची की भरीव, हे आम्ही प्रथम पाहतो. गँगलियन, म्हणजे सांध्याजवळची पाण्याची गाठ, पडद्यावर काळाभोर दिसतो, त्याच्या मागचा भाग उजळतो आणि पुष्कळदा सांध्याकडे किंवा स्नायुबंधाच्या आवरणाकडे जाणारा त्याचा बारीक देठही सापडतो. चरबीची गाठ कातडीला समांतर अशा बारीक रेषांची असते आणि दाबल्यावर थोडी चपटी होते. आपण सांगितलेल्या जागी मात्र माझ्या मनात प्रथम प्लांटार फायब्रोमा येतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जो चिवट पट्टा ताणलेला असतो, त्यातच ही गाठ धरते. पट्ट्याच्या धाग्यांमध्ये दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली करडी फुगवटी असे तिचे रूप असते. कित्येकांना ती दोन्ही पायांत असते, म्हणून डावा पायही तपासायला सांगा, आणि आईच्या तळहातांवर अशाच गाठी आहेत का तेही पाहा.

गाठीत रक्तप्रवाह किती आहे हे सोनोग्राफीतल्याच डॉपलर पद्धतीने पाहणे आवश्यक आहे, कारण सायनोव्हियल सार्कोमासारखी घातक गाठही लहान, सावकाश वाढणारी आणि वरवर पाण्याच्या गाठीसारखी असू शकते. खोल रुतलेली, वाढत जाणारी किंवा सोनोग्राफीत ओळख न पटलेली गाठ असेल तर एमआरआय करावा, आणि तरीही शंका उरली तर सुईने तुकडा घेऊन तपासावा. शरीरात इतरत्र 5 सेंटिमीटरचा आकार धोक्याचा मानतात, पण पावलात तेवढी गाठ होईपर्यंत थांबणे मला मुळीच मान्य नाही.

उत्तर : डिचोलीचा बागायतदार

माझ्या टाचेजवळ दोन वर्षे एक दुखरी गाठ होती. एक्स-रे स्वच्छ आला, त्यामुळे मी गप्प बसलो. सोनोग्राफीत गाठीच्या मधोमध 8 मिलिमीटरची पांढरी रेघ, तिच्याखाली सावली आणि भोवती काळे वलय दिसले. कुंपण घालताना रुतलेला तो बांबूचा तुकडा होता. लाकूड एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, हे मला तेव्हा कळले. काही टोचल्याचे आठवते का, हे आईला अवश्य विचारा आणि तपासणीच्या वेळी तेथील डॉक्टरांना सांगा.

प्रश्नकर्तीकडून

आपणा दोघांची मी मनापासून आभारी आहे. काल तपासणी झाली. प्रोब ठेवण्याआधी डॉक्टरांनी आईलाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला सांगितले, त्यामुळे तिची अर्धी धास्ती तिथेच गेली. गाठ 14 मिलिमीटरची, त्या पट्ट्यातलीच आणि रक्तप्रवाह नसलेली आहे. डाव्या पायातही एक लहानशी आहे. डॉक्टरांनी मऊ तळाची चप्पल वापरून सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले आहे. काका आता ती कापून टाका म्हणतात.

उत्तर : क्ष-किरणतज्ज्ञ, म्हापसा

कापण्याची घाई करू नका. केवळ गाठ काढली तर ती पुन्हा येण्याचे प्रमाण बरेच मोठे आहे, शिवाय तळव्यावरचा व्रण चालताना दुखत राहू शकतो. चप्पल बदलूनही चालणे अवघड झाले तरच अस्थितज्ज्ञांशी शस्त्रक्रियेचे बोला. या वेळच्या प्रतिमा जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी सोबत न्या; लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही मापे समोर असली, म्हणजे गाठ खरोखर वाढली की नाही ते नेमके सांगता येते.