बालीत पाहिलेलं नृत्य : तुमचे अनुभव लिहा

बालीहून परतलेली माणसं समुद्राचे आणि भातखाचरांचे फोटो दाखवतात. नाचाबद्दल विचारलं तर "हो, होता एक कार्यक्रम संध्याकाळी," एवढंच. मी गेल्या जुलैत उबुदच्या राजवाड्याच्या अंगणात, पुरी सारेनमध्ये, लेगोंग हा नाच पाहिला आणि तेव्हापासून त्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं मनात आहे. म्हणून हा धागा. तुम्ही कुठे पाहिलंत, काय भिडलं, काय डोक्यावरून गेलं, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. साडेसातच्या कार्यक्रमाला पाऊण तास आधी गेलो म्हणून अगदी पुढे, चटईवर जागा मिळाली. कोरीव दगडी दारातून आधी दासी आली, चोंडोंग. अंगाला सोनेरी नक्षीचं कापड घट्ट गुंडाळलेलं, मुकुटात चाफ्याची फुलं. मान हलली की फुलं थरथरायची. आणि ते डोळे! एका ठोक्यासरशी बुबुळं सटकन कोपऱ्यात जाऊन परत यायची. याला 'सेलेदेत' म्हणतात. ती मुलगी माझ्यापासून चार हातांवर होती. गळ्यावरून घाम ओघळत होता, पण पापणी लवली नाही. गोष्ट लासेमच्या राजाची. वाट चुकलेल्या राजकन्येला तो अडकवून ठेवतो, ती त्याला नकार देते आणि तो लढाईला निघतो. वाटेत अपशकुनी पक्षी आडवा येतो. तीच दासी हातांना सोनेरी पंख लावून पक्षी होऊन आली, तेव्हा मला ती ओळखूच आली नाही.

ठाण्याहून

आम्ही आईला घेऊन उलुवातूला केचक पाहिला. कड्यावरचं देऊळ, खाली समुद्र, सूर्य बुडायला आलेला. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड गुंडाळलेले उघडे पुरुष गोल करून बसतात आणि 'चक-चक-चक' सुरू होतं. वाद्य एकही नाही, सगळा ताल गळ्यातून. आईला ना इंग्रजी येतं ना तिथली भाषा. पण सोन्याचं हरीण आलं आणि ती सावरून बसली. शेजारच्या परदेशी बाईंना हातवारे करून "आता हा तिला पळवणार" हे सांगायला लागली! पेटलेल्या वर्तुळातून हनुमान आग लाथाडत बाहेर आला, तेव्हा आईचे हात जोडलेले होते.

नंतर वाचलं की आजचा केचक १९३०च्या दशकात घडला. वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि वायान लिंबाक हा बाली नर्तक, दोघांचा त्यात मोठा वाटा. जुनं समजून पाहिलं होतं, त्यामुळे थोडं हिरमुसायला झालं.

नाशिकहून

ठाणेकर, हिरमुसू नका. तो 'चक' सांघ्यांग नावाच्या विधीतून आला आहे. गावावर रोगराई आली की अंगात येण्यासाठी तो करत. रामायण नंतर जोडलं. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी १८९३च्या आसपासचाच ना? त्यातली भक्ती खोटी आहे का?

सोलापूरहून

मी संवादिनी वाजवतो, म्हणून फक्त गामेलानबद्दल, म्हणजे नाचाच्या साथीला असणाऱ्या तिथल्या वाद्यमेळाबद्दल लिहितो. पहिली दहा मिनिटं मला ती वाद्यं बेसूर वाटली. मग कळलं की धातूच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीजोडीने असतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की स्वर थरथरतो. त्या थरथरीला ते 'ओंबाक' म्हणतात, म्हणजे लाट. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत आल्या की अशीच लाट ऐकू येते. आपण ती विरेपर्यंत खुंटी पिळतो, ते तिलाच जपतात. यानंतर मला नाच वेगळा दिसायला लागला. मुलींच्या बोटांची टोकं सतत का थरथरतात, ते त्या लाटेत ऐकू आलं.

कुडाळहून

मी रात्र रात्र जागून दशावतार पाहत मोठा झालो. बातुबुलानला सकाळच्या उन्हात बारोंग पाहिला, तर माणसं परकी वाटलीच नाहीत. बारोंग म्हणजे सिंहासारखा दिसणारा राखणदार प्राणी. त्याच्या कातड्यात दोन माणसं असतात, पुढचा जबडा वाजवतो, मागचा पाय सांभाळतो. समोर रांगदा : मोकळे केस, सुळे, पोटापर्यंत लोंबणारी जीभ. रांगदा म्हणजे विधवा. मूळ संस्कृत 'रंडा'. आपल्याकडे त्याच शब्दाची शिवी झाली, तिकडे चेटकीण. नवरा गेलेल्या बाईची भीती शब्दाबरोबर समुद्र ओलांडून गेली, हे त्या मांडवात बसून जाणवलं आणि वाईट वाटलं. लढाई मात्र निकाली निघत नाही. दोघंही उरतात.

पुण्याहून

मी भरतनाट्यम शिकते. उबुदमध्ये एक सकाळ एका बाईंकडे शिकायला गेले. त्या समोर उभ्या राहिल्याच नाहीत. मागून माझी मनगटं धरली आणि मला हलवायला लागल्या. गुडघ्याने गुडघा ढकलायचा, हनुवटी बोटाने फिरवायची. आमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्यात, भार दोन्ही पायांवर सारखा असतो, इथे 'अगेम' या मूळ पवित्र्यात कंबर एका बाजूला काढून कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवायचं. तासाभराने बाईंनी हात सोडले, तरी मनगटांवर त्यांची पकड जाणवत होती.

बडोद्याहून

तिकीट काढून पाहिलेलं विसरले असेन, पण हे नाही. आमच्या घरमालकीण इबूंच्या गावच्या देवळाचा ओदालान होता, दर २१० दिवसांनी येणारा वर्धापनदिन. त्यांनी मला सारोंग नेसवलं, कमरेला शेला बांधला आणि सोबत नेलं. आतल्या अंगणात बायका रांगेने रेजांग हा नाच करत होत्या. अगदी सावकाश, पांढऱ्या-पिवळ्या कपड्यांत, साठीच्या आज्या आणि त्यांच्यामागे दहा-बारा वर्षांच्या पोरी. समोर प्रेक्षक कुणीच नाही. बाकीची माणसं नैवेद्याच्या टोपल्या लावत होती, गप्पा मारत होती. सगळ्या बायकांची तोंडं देवाकडे. सकाळी हातावर बिलाचा कागद ठेवणाऱ्या इबू आता रांगेत तिसऱ्या होत्या. मी दिसले, पण त्या हसल्या नाहीत.