हायड्रोजनची बस सोलापुरात चालंल का? पंपाचं काय?

होटगीरोडकर:
मंडळी एक शंका आहे. आपल्या शहराला पीएम ई-बस सेवेतनं 100 इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्यात, ते ठीक. पण आमचे दाजी पुण्यात असतात, ते म्हणतात बॅटरीचं काय घेऊन बसलाय, हायड्रोजन घ्या, दहा-पंधरा मिनिटात टाकी फुल्ल आणि धुराच्या जागी नुसती वाफ, डेपोत एक पंप टाकला की झालं. खरंच इतकं सोपं आहे का ओ? आणि हायड्रोजन पाण्यापासनं करतात ना, इथं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, बसला कुठनं आणायचं?

उजनी_बॅकवॉटर:
पाण्याचं टेन्शन घेऊ नका, घोळ विजेचा आहे. 1 किलो हायड्रोजनला 9 लिटर पाणी लागतं, शुद्ध करताना वाया जातं ते धरून 20 पकडा. मोठी बस 100 किलोमीटरला अंदाजे 8 किलो खाते. रोजचे 200 किलोमीटर धरले तर 10 बसला 160 किलो, म्हणजे 3200 लिटर, एक छोटा टँकर. आता वीज बघा, पाणी फोडून हायड्रोजन काढायला किलोमागं 55 युनिटच्या आसपास, म्हणजे दिवसाला 8800 युनिट, वर गॅस दाबायला लागते ती वेगळीच. तेवढंच अंतर बॅटरीच्या बसनं मारलं तर 3000 युनिटात भागतंय. आणि ती वीज कोळशाची असली तर मग काय, आहेरवाडीच्या वीज केंद्राच्या चिमणीतनं धूर आणि सात रस्त्याला वाफ.

नोझलवाला:
मी सीएनजी पंपावर कामाला आहे. पंप टाकला की झालं असं बाहेरच्यालाच वाटतं बघा. आमच्याकडं गॅस पाइपनं येत नाही, गाडीवरच्या कॅस्केडमधनं, म्हणजे जोडलेल्या सिलिंडरच्या गठ्ठ्यातनं येतो, गाडी लेट झाली की संध्याकाळी प्रेशर उतरतं, रिक्षात अर्धाच गॅस बसतो आणि शिव्या खायच्या नोझल धरणाऱ्यानं. हे सगळं 200 बार दाबाला. बसमध्ये हायड्रोजन 350 बारला भरतात, कारमध्ये 700 ला, आणि पंपाच्या टाक्यात त्याच्यापेक्षा जास्त दाब पाहिजे तरच गॅस बसमध्ये सरकणार. पंपावर सगळ्यात जास्त कटकट कॉम्प्रेसरची असते, तो बंद पडला की अख्खा डेपो उभा, म्हणून जोडीला दुसरा लागतोच. शिवाय भरताना टाकी तापते, 85 डिग्रीच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 43 असतंय, मग एकतर गॅस गार करून सोडा नाहीतर हळूहळू भरा. दाजींची दहा मिनिटं तिथंच गेली. वरनं पेसोची, म्हणजे स्फोटक आणि दाबाच्या गॅसला मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या खात्याची परवानगी, ती नागपुरातनं.

पुणे_रिटर्न:
सगळेजण दाजींवर तुटून पडलात 😀 इंडियन ऑइलनं दिल्लीत 2023 ला टाटाच्या फ्युएल सेल (हायड्रोजनपासनं गाडीतच वीज करणाऱ्या) बस आणल्या, एनटीपीसीनं लेहला सोलरवर चालणारा पंप उभा केला, आणि मार्च 2025 मध्ये केंद्रानं 37 गाड्या आणि 9 पंपांचे पायलट (चाचणीचे) प्रकल्प मंजूर केले त्यात पुणे-मुंबई रूट पण आहे. गावातल्या गावात बॅटरी ठीक आहे, मान्य. पण सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, एसी लावून, गाडी परत लगेच वळवायची, तिथं हायड्रोजनचा विचार करायला काय हरकत आहे?

उजनी_बॅकवॉटर:
हरकत पैशाची आहे की ओ. फ्रान्सच्या मोंपेलिए शहरानं 51 हायड्रोजन बसचा प्लॅन 2022 ला गुंडाळला, का तर किलोमीटरला इंधनाचा खर्च 95 सेंट पडत होता आणि इलेक्ट्रिकला 15. आपल्याकडं परिवहनच्या लोकांचे पगार वेळेवर होईनात, कुठनं आणायचे एवढे?

होटगीरोडकर:
आणि स्फोटाचं काय? नॉर्वेत झाला होता म्हणे.

नोझलवाला:
झाला होता, 2019 ला, ओस्लोजवळच्या पंपावर. टाकीच्या प्लगचे आतले बोल्ट नीट आवळले नव्हते, तिथनं गॅस सुटला. त्याला वास नसतो, जाळ दिवसा दिसत नाही म्हटलं तरी चालंल. हलका असल्यामुळं उघड्यावर झटक्यात वर निघून जातो पण बंद शेडमध्ये पत्र्याखाली साठतो, म्हणून सेन्सर छताला लावतात आणि शेडला वरनं हवा जायला वाट ठेवतात. पंप बाहेर मोकळ्यात टाकता येईल, पण बस दुरुस्तीला आत घेणार ना? जुन्या वर्कशॉपमध्ये एका बाजूला वेल्डिंग चालू असतंय, वर उघड्या वायरी लोंबतायत. पहिलं इस्टिमेट त्या शेडचं काढा, पंपाचं नंतर.