शेव्हीचं ४५४ बिग ब्लॉक हाती लागलंय, मूळ गाडी शोधता येईल का?

पिस्टनराव
मंडळी, ओहायोत एका बंद पडलेल्या गॅरेजचा माल विकायला काढला होता, तिथून एक शेव्हीचं (शेव्हरोलेचं) बिग ब्लॉक, म्हणजे ४५४ क्युबिक इंचाचं मोठं व्ही८ इंजिन उचललं, विकणारा म्हणे ट्रकचं आहे. मागे बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्स जोडतात तिथल्या) कडेला ३९६३५१२ ओतलेलं आहे, सिलिंडर हेडवर ३९६४२९१, आणि पुढे पॅसेंजर साइडच्या पॅडवर (शिक्का मारायच्या सपाट जागेवर) टी०२१०सीआरव्ही. लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) सॉलिड आहेत. ओळखीतला एकजण बघून म्हणाला एलएस६ (४५४ चा सगळ्यात जोरदार प्रकार), तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. खरंच असेल का? आणि ज्या गाडीतून निघालं ती सापडेल का?

टोनावांडा७०
कास्टिंग नंबरवरून उड्या मारू नका, ३९६३५१२ हा ब्लॉक १९६९ च्या ४२७ पासून पुढे कितीतरी साध्या ४५४ ना पण आहे. खरी गंमत पॅडवर आहे. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा प्लांट, ०२१० म्हणजे १० फेब्रुवारी, आणि सीआरव्ही म्हणजे १९७० ची शेवेल (शेव्हीचीच गाडी), एलएस६, मॅन्युअल गिअर (ऑटोमॅटिकला सीआरआर). ४५० हॉर्सपॉवर, ११.२५ कॉम्प्रेशन, चौकोनी पोर्टवाली हेड्स, म्हणजे तुमची ३९६४२९१ हेड्स आणि सॉलिड लिफ्टर दोन्ही जुळतात. एलएस५ (४५४ चा साधा प्रकार) मध्ये हायड्रॉलिक लिफ्टर आणि लंबगोल पोर्ट असतात.

संशयात्मा
हेड कोणीही बदलतं, आणि पॅडवरचा शिक्का तर सगळ्यात आधी खोटा मारतात. पॅडवर ब्रोचिंगच्या (कारखान्यातल्या कापणीच्या) बारीक रेघा पुढून मागे अशा सरळ गेलेल्या दिसतायत का बघा, पॅड गुळगुळीत असेल किंवा रेघा आडव्यातिडव्या असतील तर ब्लॉक डेक झालाय (वरचा पृष्ठभाग नंतर घासून काढलाय), मग शिक्क्यावर विश्वास ठेवायचा की नाही तुम्हीच ठरवा. आणि कृपा करून वायर ब्रश किंवा सँडपेपर लावू नका!! कार्ब क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश, बास. कास्टिंगची तारीख पण शोधा, ए १५ ० असं काहीतरी असेल (ए म्हणजे जानेवारी, शेवटचा आकडा वर्ष). ती १० फेब्रुवारीच्या नंतरची निघाली तर खेळ खलास.

पिस्टनराव
रेघा आहेत, सरळ आहेत. तारीख ए २७ ०. आणि ऑइल फिल्टरच्या वरचा चिखल काढल्यावर १०बी आणि पुढे सहा आकडे दिसले!

टोनावांडा७०
मग गाडी शोधण्यासारखी आहे. १ म्हणजे शेव्हरोले, ० म्हणजे १९७०, बी म्हणजे बाल्टिमोर. पण ह्यात मॉडेल नसतं, ते तुम्हाला जोडावं लागेल. शेवेलची मालिबू हार्डटॉप असेल तर १३६३७ नंतर ०बी आणि तुमचे सहा आकडे, कन्व्हर्टिबल असेल तर १३६६७, एल कमिनो (शेवेलवरची पिकअप) असेल तर १३६८०. तिन्ही व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) बनवून जुन्या लिलावांच्या नोंदी आणि शेवेलवाल्यांच्या रजिस्ट्री चाळा. मोटार खात्यात जाऊन मालकाचं नाव मागू नका, १९९४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे सहसा देत नाहीत. पाँटियाकसारखं (जीएम, म्हणजे जनरल मोटर्सचाच दुसरा ब्रँड) अमेरिकन शेव्हीचं फॅक्टरी रेकॉर्ड मिळत नाही, पण कॅनडात विकलेली असेल तर तिथल्या जीएमकडे विचारता येतं.

संशयात्मा
आणि ते सहा आकडे इथे पूर्ण टाकू नका, कुठेच टाकू नका. उद्या कोणीतरी क्लोन (नकली एलएस६) गाडीवर तोच नंबर चढवून "माझीच आहे" म्हणत येईल. शेवटचे तीन झाका, समोरच्याला त्याच्या डॅशवरच्या व्हीआयएन पाटीचा फोटो आधी पाठवायला सांगा, मग तुम्ही तुमचा दाखवा. गाडी भंगारात गेली असण्याची शक्यता पण धरून चाला, ही इंजिनं लोकांनी ड्रॅग स्ट्रिपवर अक्षरशः जाळलीत. पण इंजिन फुटल्यावर दुसरं टाकून शेतात उभी केलेल्या गाड्या असतात बरं का, तसा मालक भेटला तर तो तुमच्यापेक्षा जास्त नाचेल. तोवर हेड्स आणि ब्लॉक वेगवेगळे विकू नका.

पिस्टनराव
विकायचं नाव नाही. आधी लिलावांच्या याद्या चाळतो, बाल्टिमोरवाल्या कोणाच्या गाडीत आज भलतंच इंजिन असेल तर मेसेज करा.