शैली की घाई?
तुम्ही लिहिलंय की बुद्धिबळात सहा महिने अकराशे रेटिंगच्या आसपास अडकलाय आणि तुमची शैली 'आक्रमक' आहे. माझीही होती, म्हणजे मला तसं वाटायचं. दुसऱ्याच चालीला वजीर एच५ या घरावर, मग उंट सी४ वर, आणि एफ७ वर मात करायचा बेत. पण समोरच्याने शांतपणे प्यादं जी६ वर सरकवून वजीर हुसकावला आणि पाठोपाठ घोडा एफ६ वर आणला, की माझा वजीर पटभर पळत सुटायचा; बाकीची मोहरी घरातच. ही कसली शैली, नुसती घाई.

फरक पडला तो तीन मिनिटांचे डाव बंद करून पंधरा मिनिटांचे खेळायला लागल्यावर. शिवाय हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न लावता आधी स्वतः पाहायचा (फार जिवावर येतं हे). निम्मे डाव फुकट दिलेल्या घोड्यापायी गेले होते, ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, काही संबंधच नव्हता.

आणि आकड्याचं म्हणाल तर लिचेस या ऑनलाइन साइटवर रेटिंगचं गणित ग्लिको-२ पद्धतीचं, फिडेचं (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं) एलो पद्धतीचं. लिचेसवरचे १५०० म्हणजे फिडेचे १५०० नव्हेत. तुमचे अकराशे कुठल्या साइटवरचे, ब्लिट्झचे (तीन-पाच मिनिटांच्या डावांचे) की रॅपिडचे (पंधरा मिनिटांसारख्या डावांचे)?