यशया ५३ ख्रिस्ताविषयीच आहे, हे मित्राला कसं सांगू?

प्रश्न (नवापूर):
सर्वांना सलाम. नाताळाआधी तरुणांच्या सभेत मशीहाविषयीच्या (म्हणजे देवानं वचन दिलेल्या तारणाऱ्या राजाविषयीच्या) भविष्यवाण्यांवर बोलायला पाळकांनी सांगितलंय. मीखा ५:२, यशया ९:६, यशया ५३ आणि जखऱ्या ९:९ हे जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांतले उतारे काढलेत. धुळ्याचा कॉलेजातला मित्र म्हणतो, "हे ख्रिस्तानंतर कोणी लिहून घातलं असेल. आणि ग्रंथ यहूद्यांचा, मग तेच का मानत नाहीत?" तो टिंगल करत नाही, मनापासून विचारतोय. त्याला पोकळ उत्तर द्यायचं नाही.

उत्तर (भुसावळ):
भाऊ, हे दोन प्रश्न वेगळे ठेव. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. १९४७ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत यशयाची जवळजवळ अख्खी गुंडाळी सापडली. चामड्याचे १७ तुकडे एकमेकांना शिवलेले, लांबी सात मीटरांच्या वर, आणि ती नक्कल ख्रिस्तजन्माच्या शंभरेक वर्षं आधीची. ५३वा अध्याय तिच्यात आहे. पण यावरून शब्द जुने आहेत एवढंच ठरतं. ते कोणाविषयी, ते नाही.

आता दुसरा प्रश्न. ५३व्या अध्यायात दुसऱ्यांसाठी दुःख सोसणारा देवाचा एक 'सेवक' आहे. आपण तो ख्रिस्त मानतो; यहूदी वाचक तो म्हणजे इस्राएल राष्ट्र धरतात, आणि त्याला आधार यशयातच आहे. ४१:८ आणि ४९:३ काढून बघ. इतका छळ सोसलेल्या लोकांनी तो अध्याय आपला म्हणून वाचला, तर त्याला आपल्या मंडळीत कोणी हट्टीपणा म्हटलेलं मला सहन होत नाही. शिवाय यशया २:४ मध्ये तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील असं आहे. ते कुठं झालंय, असं ते विचारतात. ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्यात ते पुरं होईल, असं आपण मानतो. हा विश्वास आहे, पुरावा नव्हे. मित्राला तसंच सांग.

मी रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांना आधी नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये ८ वाचायला देतो. गाझाच्या वाटेवर कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) अधिकारी रथात बसून नेमका हाच अध्याय वाचतोय. तो ख्रिस्ताची सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? तुझ्या मित्राचा प्रश्न शास्त्रातच आहे बघ.

उत्तर (शहादा):
दादा, जखऱ्या घाईत उरकू नका. ९:९ मधला राजा गाढवावर बसून येतो, आणि ख्रिस्त तसाच यरुशलेमात आला, ते आपण झावळ्यांच्या रविवारी आठवतो. त्या दिवशी आमची पोरं हसतात, कारण गावाकडे गाढवावर बसवतात ते धिंड काढायला! ९:९ वर थांबू नका, पुढचं वचनही वाचा: यरुशलेमातले घोडे आणि लढाईचं धनुष्य नाहीसं होणार आहे. राजा घोड्यावर का नाही, ते तिथं कळतं.

नवापूर:
दोघांचे आभार. मग सुरुवात कृत्ये ८ पासून करतो. मीखाला किती वेळ देऊ?

भुसावळ:
पाच मिनिटं पुरेत. राजा बेथलेहेमातून येईल असं मीखा म्हणतो; बेथलेहेम हे दावीद राजाचं गाव, यहूदाच्या कुळांत लहान, एवढं सांग. मत्तय २ मध्ये मशीहा कुठं जन्मणार असं हेरोद राजा विचारतो, तेव्हा शास्त्री त्याला हाच दाखला देतात. उरलेला वेळ प्रश्नांना ठेव, आणि मित्राला सभेलाच बोलाव.